सोनोग्राफीचा आकडा म्हणजे जन्मपत्रिका नव्हे

गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गाला येणाऱ्या एका कार्यकर्त्याने त्याच्या बहिणीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आमच्यापुढे ठेवला. बहिणीला बाविसावा आठवडा चालू होता. ती आणि तिचा नवरा दोघेही ऊसतोडीला जाणारे. मुकादमाची उचल घेतलेली आणि निम्मी खर्चही झालेली. रिपोर्टवर इंग्रजीत चार ओळी होत्या. तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्या चार ओळींचा अर्थ दोन मिनिटांत सांगून टाकला होता : "बाळाच्या छातीत आतडी शिरली आहेत, फुप्फुसं वाढणार नाहीत. हे बाळ काही जगत नाही. लवकर मोकळे व्हा."

बहिणीने एकच प्रश्न विचारला होता, "जगायची थोडी तरी आशा?" त्याचे उत्तर तिला मिळाले नाही. "दादा, आता तुम्हीच सांगा काय करायचं," असे म्हणत भाऊ आमच्याकडे आला. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही एवढेच सांगू शकलो की शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जा, तिथे पुन्हा मोजमाप करून घ्या. तिथली तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली. जायचे भाडे, राहायची सोय, बुडणारी मजुरी आणि वर कायद्यातल्या आठवड्यांची भीती. चौथ्या दिवशी त्यांनी गर्भपात करून घेतला.

त्या ताईंचा निर्णय चुकला असे आम्ही म्हणत नाही. शरीर तिचे, आयुष्य तिचे, निर्णयही तिचाच. आमचा प्रश्न वेगळा आहे. हा निर्णय खरोखर तिने घेतला का? की एस.टी.चे भाडे, बारा दिवसांची तारीख आणि दोन मिनिटांचे ते बोलणे यांनी मिळून तिच्या वतीने घेतला? तिच्या बाळाच्या फुप्फुसाचे मोजमाप कुणी केलेच नव्हते. मोजमापाशिवाय भाकीत झाले होते. मोजमापाशिवाय होणाऱ्या भाकितांची आपल्या समाजाला चांगली ओळख आहे. त्याला पत्रिका म्हणतात.

हा आजार नेमका काय?

छाती आणि पोट यांच्या मधोमध स्नायूंचा एक पडदा असतो. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला श्वासपटल म्हणून शिकलो. गर्भात हा पडदा पूर्ण जुळला नाही तर भोक राहते. त्या भोकातून आतडी, जठर, कधी यकृतसुद्धा छातीत चढते. वाढत्या फुप्फुसाला जागा उरत नाही. डॉक्टर याला कंजेनायटल डायफ्रॅग्मॅटिक हर्निया म्हणतात, थोडक्यात सीडीएच. साधारण अडीच ते चार हजार जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो, आणि दहापैकी आठांहून अधिक वेळा तो डाव्या बाजूला असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. बाळाचा जीव त्या भोकामुळे जात नाही. भोक शिवता येते. जीव जातो तो लहान राहिलेल्या फुप्फुसांमुळे आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांतल्या वाढलेल्या दाबामुळे. आईच्या पोटात बाळाला स्वतःच्या फुप्फुसाची गरज नसते, आईच त्याच्यासाठी श्वास घेते. नाळ कापली की खरी परीक्षा सुरू होते. म्हणून जन्माआधी विचारायचा प्रश्न असा : या बाळाचे फुप्फुस जन्मानंतर पुरेल का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या डॉक्टरांनी एक साधे गुणोत्तर मांडले. हर्नियाच्या विरुद्ध बाजूच्या फुप्फुसाचे क्षेत्रफळ सोनोग्राफीवर मोजायचे आणि त्याला बाळाच्या डोक्याच्या परिघाने भागायचे. याला एलएचआर म्हणतात. पुढे एक अडचण लक्षात आली. गर्भ वाढतो तसे फुप्फुसाचे क्षेत्रफळ डोक्यापेक्षा झपाट्याने वाढते, त्यामुळे विसाव्या आणि तिसाव्या आठवड्यातला आकडा एकाच मापाने वाचता येत नाही. म्हणून २००७ पासून त्या आठवड्यातल्या निरोगी बाळाच्या अपेक्षित आकड्याशी तुलना करून टक्केवारी काढली जाऊ लागली. डाव्या हर्नियात ही टक्केवारी २५ च्या खाली गेली तर दोष तीव्र, ४५ च्या वर असेल तर सौम्य, मधले मध्यम. यकृत छातीत चढले आहे का, जठर कुठे आहे, हृदयाचा किंवा गुणसूत्रांचा आणखी दोष आहे का, हेही पाहिले जाते. शक्य असेल तिथे एमआरआयने फुप्फुसांचे आकारमान मोजतात.

हे विज्ञान आहे. आम्ही त्याच्या विरोधात नाही, उलट त्याच्या बाजूने आहोत. पण विज्ञानाचा आकडा आणि ज्योतिषाचा आकडा यांत फरक कोणता? ज्योतिषी सांगतो ते "होणारच". विज्ञान सांगते ते "अशा परिस्थितीत, अशा शंभर बाळांपैकी, इतकी". यातला "अशा परिस्थितीत" हा तुकडा गाळला की विज्ञानाचीही पत्रिका होते. ऊसतोडीच्या त्या ताईंना जे ऐकवले गेले त्यात हा तुकडा नव्हता.

आकड्यात रुग्णालयही मोजलेले असते

याचा पुरावा त्याच सॅन फ्रान्सिस्कोने दिला आहे. तिथे गर्भातच बाळावर उपचार करण्याचा एक प्रयोग झाला. बाळाच्या श्वासनलिकेत दुर्बिणीने फुगा बसवून ती तात्पुरती बंद करायची. फुप्फुसात तयार होणारा द्रव बाहेर पडत नाही, आत साठतो आणि फुप्फुसाला ताणून वाढवतो, अशी ही कल्पना. चोवीस महिला या चाचणीत होत्या. काहींच्या बाळांना हा उपचार दिला, काहींना जन्मापर्यंत वाट पाहून नेहमीचे उपचार दिले. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भात उपचार झालेल्या ११ पैकी ८ बाळे जगली. नेहमीचे उपचार मिळालेल्या १३ पैकी १० जगली. म्हणजे ७३ टक्के आणि ७७ टक्के. नेहमीच्या उपचारांची बाळे अपेक्षेपेक्षा इतकी जास्त जगली की चाचणी पुढे चालवण्यात अर्थ उरला नाही.

या निष्कर्षाकडे नीट पाहा. ज्या बाळांचे भाकीत वाईट धरले होते त्यांतली बहुतेक जगली, आणि तीही गर्भात काही न करता. का? कारण त्यांचा जन्म तयारी असलेल्या मोठ्या केंद्रात झाला, आणि पहिल्या श्वासापासून जाणकार हात त्यांच्याभोवती होते. म्हणजे भाकिताचा तो आकडा फक्त बाळाच्या छातीत नव्हता. त्याचा एक भाग प्रसूतिगृहात होता, एक भाग व्हेंटिलेटरमध्ये होता, एक भाग रात्रपाळीच्या नर्सच्या प्रशिक्षणात होता.

तरी उत्साहाच्या भरात उलटे टोक गाठू नये. सगळे काही सेवेवर अवलंबून असते आणि फुप्फुसाच्या मापाला अर्थच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या चाचणीचे निकष त्या मानाने सैल होते, कमी तीव्र बाळेही त्यात आली. पुढे बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून मोठी चाचणी केली. तिचे नाव टोटल. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तीव्र गटात, म्हणजे २५ टक्क्यांच्या खाली, फुगा बसवलेल्या बाळांपैकी ४० टक्के जगून घरी गेली. फुगा न बसवलेल्यांपैकी फक्त १५ टक्के. मध्यम गटात ६३ विरुद्ध ५०, पण हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका कमी ठरला. म्हणजे चांगल्या केंद्रातही तीव्र दोषाची बहुसंख्य बाळे जातात. हे सत्य आईबापांना सांगितलेच पाहिजे. खोटी आशा विकणारा दवाखाना आणि अंगारा विकणारा बुवा यांत आम्ही फरक करत नाही.

पण टोटल चाचणीतल्या एका अटीकडे आपल्या नजरेने पाहू. तीव्र गटात फुगा साधारण २७ ते २९ व्या आठवड्यात बसवायचा आणि ३४ व्या आठवड्यात काढायचा. मधल्या काळात त्या बाईने केंद्राजवळच राहायचे, कारण अचानक कळा सुरू झाल्या आणि फुगा वेळेत निघाला नाही तर बाळ गुदमरून मरते. फुगा बसवलेल्या तीव्र गटात चारपैकी तीन बाळे वेळेआधी जन्मली. म्हणजे पाच-सहा आठवडे घर सोडून मोठ्या शहरात राहणे आणि नंतर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची लांबलचक शुश्रूषा. ज्या घरात दोघांची मजुरी आली तरच चूल पेटते, त्या घराने हे कसे पेलायचे? उपचार कागदावर "उपलब्ध" असणे आणि माणसाला तो घेता येणे यांतले अंतर आपण शाळेत पाहिले, पाणवठ्यावर पाहिले. तळे सार्वजनिक असल्याचा ठराव होता, तरी महाडला जाऊन पाणी प्यावेच लागले.

ज्यांना मोजले नाही त्यांचे भाकीत कोण करणार?

भाकीत कुठून येते? मागच्या मोजणीतून. आधी अशी किती बाळे जन्मली, त्यांतली किती जगली, याचा हिशेब ठेवला तरच पुढच्या बाळाबद्दल काही सांगता येते. म्हणून विचारायला हवे की मोजणीत कोण होते.

१९७८ मध्ये नॉर्वेतल्या नोंदी तपासून मायकेल हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजारात लपलेल्या मृत्यूंचा प्रश्न मांडला. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आपल्याकडे पोचलेल्या बाळांचा हिशेब देत होते. पण सर्वांत आजारी बाळे त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. ती प्रसूतिगृहात किंवा वाटेत दगावत होती. आकडा चांगला दिसत होता, कारण मेलेले मोजलेच नव्हते. नॉर्वेसारख्या देशाची ही कथा.

आता आपल्याकडे या. घाटावरच्या पाड्यात किंवा साखर कारखान्याच्या तळावर, कोपीत जन्मलेले बाळ. जन्मल्यावर निळे पडते, पोट खपाटीला गेलेले असते, श्वास लागतो आणि तासाभरात संपते. मृत्यूची नोंद झालीच तर कारण काय लिहिले जाईल? "श्वास कोंडून". आणि नोंद झालीच नाही तर तेही नाही. छातीत आतडी होती हे कुणाला कळणार? असे बाळ कोणत्याच अभ्यासात येत नाही. मग शहरातले रुग्णालय सांगते, आमच्याकडे इतके टक्के जगतात. खरेच जगतात. पण ते पोचलेल्यांचे टक्के आहेत.

आता संगणकाच्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने अधिक अचूक भाकिते करण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. होऊ द्या. पण यंत्रालाही शिकायला मागचे आकडेच लागतात. ल्यूव्हेन, लंडन, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाळांवर शिकलेले यंत्र बीडच्या बाळाबद्दल बोलेल तेव्हा ते कुणाच्या परिस्थितीचे भाकीत असेल? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९३१ नंतर या देशात पूर्ण जातनिहाय जनगणना झाली नाही आणि तरी आपल्या प्रतिनिधित्वाचे निर्णय होत राहिले. ज्यांना मोजले जात नाही त्यांच्याबद्दलचे निर्णय दुसऱ्यांच्या आकड्यांवर होतात, हे आपण राजकारणात शिकलो. तोच नियम गर्भालाही लागू आहे.

जिथे मोजले जाते तिथे काय दिसते? २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळे अनुसूचित जातींमध्ये सुमारे ४५, अनुसूचित जमातींमध्ये सुमारे ४४ आणि "इतर" गटात सुमारे ३२ होती. हा आकडा सीडीएचचा नाही, सर्व कारणांचा आहे. पण जन्माच्या वेळी श्वासाला हात देणारी व्यवस्था कुणाच्या दारात आहे आणि कुणाच्या नाही, हे त्यातून कळते. फुप्फुसाच्या मापात जात नसते. पण ते फुप्फुस ज्या खोलीत पहिला श्वास घेणार त्या खोलीच्या पत्त्यात जात असते.

आधी कळणे हाच अर्धा उपचार

कुणी म्हणेल, गावात उपचार नसतील तर आधी कळून तरी काय उपयोग? उपयोग मोठा आहे, आणि तो फक्त गर्भपातापुरता नाही.

श्वास न घेणाऱ्या नवजात बाळाला तोंडावर मास्क लावून पिशवीने हवा द्यायची, हे प्रत्येक नर्सला शिकवलेले असते आणि ते योग्यच आहे. पण सीडीएचच्या बाळात ही हवा जठरात आणि आतड्यांत जाते, आणि ती आतडी तर छातीत आहेत. ती फुगतात आणि उरलेसुरले फुप्फुसही दाबून टाकतात. म्हणून अशा बाळाला मास्कने हवा न देता थेट श्वासनलिकेत नळी घालतात, जठरात दुसरी नळी घालून हवा बाहेर काढतात आणि हलक्या दाबाने श्वास देतात. शस्त्रक्रियेचीही घाई करायची नसते. पूर्वी जन्मताच घाईने ऑपरेशन करत, आता बाळ स्थिरावेपर्यंत थांबतात. हे सगळे करायचे तर आधी माहीत हवे. माहीत नसेल तर मनापासून झटणाऱ्या नर्सच्या हातूनच नुकसान होते, आणि त्यात तिचा दोष नसतो.

आधी कळले तर आणखी एक गोष्ट करता येते. आईलाच प्रसूतीपूर्वी योग्य ठिकाणी हलवता येते. अशा बाळासाठी सर्वांत सुरक्षित रुग्णवाहिका म्हणजे आईचे पोट. जन्मानंतर १०८ मध्ये घालून शंभर किलोमीटर नेणे आणि जन्माआधी आईला तिथे नेऊन ठेवणे यांत जीवन-मरणाचा फरक पडू शकतो. त्याला फुगाही लागत नाही आणि परदेशही लागत नाही. वेळेवर झालेली एक नीट सोनोग्राफी, एक फोन आणि राहायला एक खाट, एवढे लागते.

आणि तिथेच घोडे अडते. हा दोष शोधायची ॲनॉमली स्कॅन साधारण १८ ते २० व्या आठवड्यात होते. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ज्या बाईचा अठरावा आठवडा डिसेंबरात येतो ती तेव्हा फडात असते. गरोदर महिलांसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणीचे केंद्र सरकारचे अभियान २०१६ पासून आहे. पण फडातल्या बाईला ९ तारखेला सुटी कोण देतो? खाडा लागतो. बालकांचे जन्मजात दोष शोधण्याचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या यादीत जन्मजात दोषांची नऊ नावे आहेत. सीडीएचचे नाव त्यात नाही.

कर्म, ग्रहण आणि आईचा दोष

व्यवस्थेला बोलताना स्वतःच्या घराकडे पाठ फिरवणे आम्हाला मान्य नाही. अशा बाळाची बातमी आली की आपल्याही वस्तीत कुजबुज सुरू होते. ग्रहणात चिरलं असेल. कुणाची नजर लागली. मागच्या जन्मीचं काहीतरी. आणि सगळ्याचे बोट शेवटी बाईकडे. धम्म स्वीकारून इतकी वर्षे झाली, तरी ग्रहणात घरात बसवलेल्या गरोदर सुना आम्ही पाहिल्या आहेत.

स्पष्ट लिहितो. श्वासपटल गर्भधारणेच्या पहिल्या तीन महिन्यांतच तयार होते. बहुतेक बाळांत ते का जुळले नाही याचे नेमके कारण सापडत नाही, काहींत गुणसूत्रांचा दोष सापडतो. ग्रहणाचा, विळीचा, आईच्या चालण्या-बसण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, ही शिकवण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली आहे, कारण या शिकवणीने अन्यायाची जबाबदारी व्यवस्थेवरून काढून पीडितावर टाकली. "हे बाळ जगत नाहीच" असे मोजमापाविना सांगणारे वाक्य तेच काम करते. रुग्णालयात खाट नाही, यंत्र नाही, तारीख नाही, हे सगळे त्या वाक्याखाली झाकले जाते आणि दोष फक्त बाळाच्या छातीत उरतो.

गर्भपाताच्या हक्काबद्दलही संदिग्धता नको. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. नियमांनुसार मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे असते. म्हणजे त्या ताईंनी आठवड्यांच्या भीतीने घाई करायची गरज नव्हती. हे तिला कुणी सांगितले नाही, आणि आम्हालाही तेव्हा नीट माहीत नव्हते. ही आमची चूक. हा हक्क आम्ही राखू. पण ज्या बाईसमोर एकच दार उघडे ठेवले आहे तिला "निवड तुझी" म्हणणे ही थट्टा आहे. बाळ ठेवायचे म्हटले तर उपचार मिळतील आणि नको म्हटले तर सन्मानाने गर्भपात मिळेल, अशी दोन्ही दारे उघडी असतील तेव्हाच निवड म्हणता येईल.

"इतक्या दुर्मीळ आजारावर खर्च कशाला?"

हा आक्षेप आपल्यातलेही घेतात. आधी लोहाच्या गोळ्या द्या, मग हे चोचले. आम्ही ढोबळ हिशेब केला. महाराष्ट्रात वर्षाला अठरा लाखांच्या आसपास जन्म होतात असे धरले, तर वर्षाला चारशे ते सातशे बाळे या दोषाची असतील. दुर्मीळ आजाराची शेकडो घरे. शिवाय या बाळासाठी जे लागते, म्हणजे प्रशिक्षित सोनोग्राफी, चालू व्हेंटिलेटर, रात्री जागी असलेली नर्स आणि वेळेवर आईला हलवण्याची सोय, तेच अपुऱ्या दिवसांच्या, हृदयदोषाच्या, जन्मताच गुदमरलेल्या प्रत्येक बाळाला लागते. सीडीएच ही व्यवस्थेची कठीण परीक्षा आहे. या परीक्षेत पास होणारे रुग्णालय बाकीच्या बाळांनाही वाचवते. आणि लोहाच्या गोळ्या की व्हेंटिलेटर, असा प्रश्न फक्त गरिबालाच का विचारला जातो? श्रीमंताच्या बाळाला कुणी म्हणत नाही की यातले एकच घे.

आमच्या मागण्या आणि आमचे काम

१. गर्भात सीडीएच दिसला तर बाजू, यकृताची जागा आणि फुप्फुसाचे अपेक्षित टक्के रिपोर्टवर नोंदवणे सक्तीचे करा. जिथे हे मोजता येत नाही तिथून एका आठवड्यात वरच्या रुग्णालयात तारीख द्या, प्रवासखर्चासह.

२. समुपदेशन मराठीत किंवा त्या बाईच्या बोलीत, लेखी आणि पुरेसा वेळ देऊन करा. परदेशातले टक्के सांगताना आपल्या रुग्णालयाचेही टक्के सांगा.

३. प्रत्येक महसूल विभागात किमान एक सरकारी केंद्र असे हवे जिथे प्रसूती, नवजात अतिदक्षता आणि बालशस्त्रक्रिया एकाच आवारात असतील आणि आईला आधीपासून राहायची सोय असेल.

४. राज्याची नोंदवही सुरू करा. जगलेली, दगावलेली, वाटेत गेलेली, मृत जन्मलेली आणि गर्भपात झालेली, सगळी त्यात यावीत. नाव-गाव झाकून, पण जिल्हा, अंतर आणि सामाजिक प्रवर्ग यांसह.

५. ऊसतोड आणि वीटभट्टीच्या स्थलांतरित महिलांची ॲनॉमली स्कॅन निघण्यापूर्वी किंवा कामाच्या ठिकाणी, पगारी सुटीसह झालीच पाहिजे.

मागण्या सरकारकडे आहेत, पण वस्तीतले काम आपले आहे. प्रत्येक शाखेने गरोदर महिलांची यादी ठेवावी आणि अठराव्या आठवड्यात कोण कुठे असेल हे आधीच पाहावे. रिपोर्ट वाईट आला तर त्या बाईला एकटी सोडू नये. आपल्यातल्या एकाने सोबत जावे आणि डॉक्टरांना शांतपणे पाच प्रश्न विचारावेत : दोष कोणत्या बाजूला? यकृत वर चढले आहे का? फुप्फुसाचे टक्के किती? आणखी दोष आहे का? अशा बाळाची प्रसूती कुठे करावी? उत्तरे लिहून घ्यावीत. निर्णय मात्र बाईलाच घेऊ द्यावा. आपण सोबत आहोत, मालक नाही.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलायला उभे राहिले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी भूमिका त्यांनी घेतली. हे बोलणारा माणूस कोण होता ते आठवा. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे गमावलेला बाप. राजरत्न १९२६ मध्ये गेला होता. माता रमाई आणि बाबासाहेब यांनी त्या दुःखाला नशीब म्हटले नाही. बाबासाहेब सभागृहात उभे राहून आईच्या विश्रांतीचा हिशेब राज्याकडे मागत राहिले.

ऊसतोडीच्या त्या ताई यंदा पुन्हा फडात आहेत. मूल हवे आहे म्हणतात. पुढच्या वेळी त्यांच्या हातात रिपोर्ट येईल तेव्हा त्यावर मोजलेला आकडा असला पाहिजे, तो समजावून सांगणारा माणूस असला पाहिजे आणि दोन्ही दारे उघडी असली पाहिजेत. आपण पत्रिका जाळली. आता रिपोर्ट वाचायला शिकू.

जय भीम!